किल्ला बांधणारे हात

आपल्या महाविद्यालयीन जीवनात 'संघभावना' या शब्दाइतका स्वस्त झालेला दुसरा शब्द शोधून सापडणार नाही. स्नेहसंमेलनाचे प्रमुख पाहुणे त्यावर बोलतात, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराच्या उद्घाटनात त्याचा गजर होतो, क्रीडा महोत्सवाच्या फलकावर तो ठळक अक्षरांत रंगविला जातो. आम्ही विद्यार्थी मनापासून टाळ्या वाजवतो आणि पुन्हा आपापल्या बाकावर, आपापल्या गावच्या व आपापल्या वस्तीच्या मुलामुलींशेजारी जाऊन बसतो. वर्षानुवर्षे एकाच छपराखाली काढूनही पलीकडच्या रांगेतल्या मुलाचे पूर्ण नाव ठाऊक नसते. मग त्याच्यावर विश्वास ठेवणे तर दूरच राहिले!

या अविश्वासाचा पुरावा हवा असेल, तर आमच्या गट-प्रकल्पाच्या वह्या उघडून पाहाव्यात. मुखपृष्ठावर नावे पाच आणि आत हस्ताक्षर एकाचेच. बहुधा ते हस्ताक्षर वर्गातल्या एखाद्या कष्टाळू मुलीचे असते. तिचा इतर चौघांवर विश्वास नसतो, म्हणून ती काम वाटून देत नाही. आणि काम वाटून मिळत नाही, म्हणून चौघांना विश्वासास पात्र ठरण्याची संधीच मिळत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर क्षेत्रप्रकल्प आणि समाजसंलग्नता हे शब्द अभ्यासक्रमात मानाने येऊन बसले आहेत. परंतु एकत्र काम करावयाचे कसे, हे शिकविणारा तास वेळापत्रकात कोठेच नाही. पोहता येत नसलेल्याला विहिरीत ढकलून वर त्याला गुण द्यावेत, तसाच हा प्रकार आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. विश्वास हा उपदेशाने निर्माण होत नाही आणि नुसत्या सहवासानेही निर्माण होत नाही. चार जणांनी मिळून हातांनी एखादी वस्तू उभी केली, ती पडली, पुन्हा उभी केली, म्हणजे तो निर्माण होतो. आणि यासाठी सर्वांत चांगले साधन म्हणजे ज्याला आपण 'पोरखेळ' म्हणून हिणवतो तो बांधकामाचा खेळ. हा खेळ बालवाडीच्या उंबरठ्याशी न थांबवता महाविद्यालयात आणला पाहिजे.

हे ऐकून काही जण हसतील. त्यांनी दिवाळीतला किल्ला आठवावा. सहामाही परीक्षा संपली, की महाराष्ट्रातल्या अंगणाअंगणांत दगड, विटांचे तुकडे, जुने गोणपाट आणि लाल माती गोळा होऊ लागते. मोठे दगड खाली, लहान वर, ही पहिली शिकवण. त्यावर चिखलात भिजवलेले गोणपाट पसरायचे. हे काम एकट्याने होत नाही. दोघांनी पोत्याची टोके ताणून धरावी लागतात आणि तिसऱ्याने वरून चिखल थापावा लागतो. धरणाऱ्याने मध्येच हात सोडला, तर डोंगराची कडा घसरते. "धर, सोडू नकोस" एवढ्या तीन शब्दांत विश्वासाचा सारा धडा आलेला आहे. हिरवळ दिसावी म्हणून अळीव किंवा मोहरी चार-पाच दिवस आधी पेरावी लागते. म्हणजे नियोजन आले. तळ्यात पाणी कोणी घालायचे, मावळे कोणी आणायचे, रात्री किल्ल्यावर पणती कोणी ठेवायची, ही वाटणी आली. आणि या सगळ्यात कोणी कोणाला गुण देत नाही.

बरे, यात केवळ मजा आहे आणि ज्ञान नाही असेही नाही. रायगडाच्या महादरवाजाची बांधणी गोमुखी आहे, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो आणि परीक्षेत लिहून विसरून जातो. पण चिखलाचे दोन बुरूज करून त्यांच्या बेचक्यात दरवाजा दडवायला बसले, की कळते की समोरून येणाऱ्याला तो दिसतच नाही, आणि हत्तीला धावत येऊन धडक द्यायला सरळ वाटच उरत नाही. राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या व मधोमध उंच बालेकिल्ला का, हा प्रश्न माती हातात घेतल्याखेरीज पडत नाही. २०२५ साली 'युनेस्को'ने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश केला, तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने छाती फुगवली. त्या अभिमानाला समजुतीची जोड कोठून मिळणार? पुस्तकाइतकीच ती अंगणातल्या चिखलातूनही मिळते.

मात्र दिवाळीच्या किल्ल्याचे गोडवे गाताना त्याच्यातले उणेही सांगितले पाहिजे. किल्ला मुलांचा आणि रांगोळी मुलींची, ही वाटणी अनेक घरांत अजून चालते. किल्ला एका गल्लीचा असतो, आणि शेजारच्या वस्तीतली मुले तो पाहायला येतात, बांधायला नव्हे. शिवाय आता बाजारात प्लॅस्टरचा तयार किल्ला मिळतो. तो आणून मांडला की पाच मिनिटांत काम संपते. दिसायला तो आपल्या चिखलाच्या किल्ल्यापेक्षा सुबकही असतो. पण त्यात 'धर, सोडू नकोस' नाही. वस्तू मिळाली आणि ती घडविण्याची क्रिया हरवली, तर शिकण्यासारखे जे होते तेच हरवले.

आता प्रश्न असा, की बांधकामाच्या खेळात असे काय आहे जे चर्चासत्रात किंवा गटचर्चेत नाही? मला तीन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे, सामान कोणाची भीड ठेवत नाही. चर्चेत ज्याचा आवाज मोठा त्याचे मत खरे ठरते. बांधकामात तसे होत नाही. काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडून चौकोन करा. तो बोटाने ढकलताच तिरपा होतो. त्रिकोण करा, तो हलत नाही. वर्गात पहिल्या आलेल्याने चौकोनाची कितीही बाजू घेतली, तरी चौकोन वाकणारच. काड्यांचा आणि ट्यूबचा हा खेळ अरविंद गुप्ता यांनी देशभर पोहोचविला. कानपूरच्या आय. आय. टी.त शिकलेले आणि पुण्याच्या टेल्कोत नोकरी करणारे हे अभियंते १९७८ साली रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमात गेले आणि पुढे आयुष्यभर टाकाऊ वस्तूंतून खेळणी करीत राहिले. २०१८ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली. त्यांच्या काड्यांच्या खेळाला पैसा लागत नाही आणि इंग्रजीही लागत नाही. खेड्यातून आलेला, चर्चेत तोंड न उघडणारा मुलगा तेथे सर्वांत आधी बोलू लागतो. कारण त्याच्या हातांना सवय असते.

दुसरी गोष्ट म्हणजे, खेळात चूक स्वस्त असते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालतो. ते काम थोरच आहे. पण तेथे बंधारा फुटला तर गावाचे पाणी जाते. म्हणून जाणता माणूस हुकूम देतो आणि बाकीचे पोती वाहतात. काड्यांचा मनोरा कोसळला तर कोणाचे काहीच जात नाही. म्हणून तेथे नवखाही धीर करून आपली कल्पना पुढे मांडतो, ती फसते, सारे हसतात, आणि उद्या त्याच माणसाची दुसरी कल्पना ऐकून घेतली जाते. माणसावर विश्वास बसतो तो त्याच्या यशामुळे नव्हे, तर चुकल्यानंतर तो कसा वागला आणि आपण त्याच्याशी कसे वागलो, यामुळे.

तिसरी गोष्ट, प्रत्येकाचा हात दिसतो. प्रकल्पाच्या वहीत कोणी किती काम केले हे लपविता येते. जमिनीवर बसून बांधताना ते लपत नाही. कोण मुकाट्याने पायाचे दगड शोधीत होता, कोणी दुसऱ्याचे मोडलेले सावरले, कोण नुसता सूचना देत उभा होता, सारे उघड्यावर असते. हे उघडेपण हाच विश्वासाचा पाया होय.

हा केवळ भाबडा आशावाद नव्हे. पीटर स्किलमन या अभिकल्पकाने एक साधा खेळ योजला आणि टॉम वुजेक यांनी २०१० च्या एका गाजलेल्या व्याख्यानातून तो जगभर नेला. चार जणांचा गट, स्पॅगेटीच्या म्हणजे इटालियन शेवयांच्या वीस कच्च्या काड्या, एक यार्ड चिकटपट्टी, एक यार्ड दोरा आणि मार्शमॅलो नावाची एक मऊ मिठाई. अठरा मिनिटांत जास्तीत जास्त उंच मनोरा उभारायचा आणि मिठाई माथ्यावर ठेवायची. वुजेक यांच्या अनुभवानुसार सर्वांत वाईट कामगिरी करणाऱ्यांत व्यवस्थापनशास्त्राचे ताजे पदवीधर होते, आणि बालवाडीतून नुकतीच बाहेर पडलेली मुले त्यांच्या पुढे होती! कारण मोठे लोक आधी पुढारी कोण हे ठरवितात, मग योजना आखतात, मग बांधतात आणि शेवटच्या क्षणी मिठाई वर ठेवतात. तिच्या वजनाने सारा डोलारा खाली येतो. मुले पहिल्यापासून मिठाई माथ्यावर ठेवून छोटे छोटे मनोरे करून पाहतात आणि प्रत्येक पडझडीतून काही शिकतात. आणखी एक गंमत अशी, की कंपन्यांच्या प्रमुखांच्या गटात त्यांचा कार्यालयीन सहायक बसविला की गटाचे काम बरेच सुधारे; कारण त्या माणसाला चौघांना सांभाळून घेण्याची कला येत असे. आणि मोठे बक्षीस लावून पाहिले, तेव्हा दहा गटांपैकी एकाचाही मनोरा उभा राहिला नाही. बक्षीस, गुण आणि मानापमान यांत बुडालेल्या आपल्या शिक्षणाने या शेवटच्या वाक्यावर थोडा वेळ थांबावे.

डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या 'लेगो' कंपनीच्या रंगीत विटा आता आपल्याकडच्या दुकानांतही दिसतात. एकमेकींत घट्ट बसणाऱ्या या विटेचे एकस्व १९५८ सालचे. एकाच रंगाच्या, आठ गुंड्यांच्या फक्त सहा विटा घेतल्या, तर त्या ९१,५१,०३,७६५ प्रकारांनी जोडता येतात, असे गणित कोपनहेगनच्या सोरेन आयलर्स या गणितज्ञाने मांडून दाखविले आहे. सहा विटांची ही कथा, तर चाळीस मनांची काय असेल! याच कंपनीने १९९० च्या दशकात लोझान येथील व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक योहान रूस आणि बार्ट व्हिक्टर यांच्याबरोबर प्रौढांसाठी एक पद्धत विकसित केली. तिचे नियम मोलाचे आहेत. प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने आधी हाताने बांधायचे, मग बोलायचे. सर्वांनी बांधायचे आणि सर्वांनी सांगायचे. प्रेक्षक कोणीच नाही. आणि प्रश्न विचारायचे ते बांधलेल्या वस्तूला, बांधणाऱ्या माणसाला नव्हे. शेवटचा नियम तर सोन्याच्या मोलाचा आहे. "तू असे का म्हणालास?" या प्रश्नाने माणूस बचावाला उभा राहतो. "या भिंतीला दार का नाही?" या प्रश्नाने तो विचार करू लागतो.

परदेशी कंपनीची उदाहरणे ऐकून कोणाला हे पाश्चात्त्य फॅड वाटेल. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ च्या सुमारास लाकडी ठोकळ्यांच्या 'देणग्या' मुलांच्या हाती दिल्या, हे खरे. पण आपल्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हातांच्या उद्योगातून शिक्षण हा विचार राष्ट्रापुढे ठेवला, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे परिसरातल्या साध्या वस्तूंतून बालशिक्षण उभे केले. आपली चूक एवढीच, की हातांचे शिक्षण आपण बालवाडीपुरते ठेवले. सहा वर्षांच्या मुलाच्या हातातली माती आपण काढून घेतली, लेखणी दिली, आणि कलाशाखेच्या विद्यार्थ्याला तर जन्मभर फक्त तोंड आणि लेखणी एवढ्याच दोन अवयवांनी शिकायला लावले.

'मुले एकत्र बसली, एकत्र डबा खाल्ला, की आपोआप जवळ येतील' असे म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक उदाहरण. मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात अकरा-बारा वर्षांच्या मुलांचे शिबिर भरविले. दोन गट पाडले, स्पर्धा लावल्या आणि गटांत हाडवैर माजले. मग त्यांना एकत्र जेवायला बसविले, तर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकले! पुढे शिबिराचे पाणी बंद पडले, सामानाचा ट्रक अडकला (हे अर्थातच मुद्दाम घडविलेले होते) आणि दोन्ही गटांना मिळून काम करावे लागले. ज्या दोराने आधी रस्सीखेच खेळली, त्याच दोराने सर्वांनी मिळून तो ट्रक ओढला. वैर हळूहळू निवळले. या प्रयोगावर पुढे टीकाही झाली. पण दोर तोच राहून त्याची दिशा बदलता येते, ही त्यातली खूण मला फार बोलकी वाटते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम संपत नाही, त्यात खेळ कोठे बसवायचा? माझे उत्तर असे, की महिन्यातून दोन तास जरी दिले तरी पुरे. गट-प्रकल्पांत वाया जाणारे श्रम त्याहून कितीतरी अधिक आहेत. दुसरा आक्षेप पैशाचा. डेन्मार्कच्या विटा घ्यायला कोण सांगतो? खराट्याच्या वीस काड्या, वीतभर सुतळी, चिकटपट्टी आणि माथ्यावर ठेवायला एक लिंबू, एवढ्यात मनोऱ्याचा खेळ होतो. माती तर मैदानाच्या कडेला आहेच. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कंपन्या असे खेळ नोकरांना गोंजारून अधिक राबवून घेण्यासाठी वापरतात, असे काही जण म्हणतात. यात तथ्य नाही असे नाही. जेथे खेळ संपल्यावर पुन्हा 'साहेब' आणि 'शिपाई' सुरू होते, तेथे विश्वास ही फक्त सजावट ठरते. म्हणूनच खेळाच्या वेळी प्राध्यापकांनीही गटात बसावे, चिखलात हात घालावा, आणि त्यांचा मनोरा पडला तर विद्यार्थ्यांना मनसोक्त हसू द्यावे!

कलाशाखेला हा खेळ केवळ मनोऱ्यापुरता ठेवण्याचे कारण नाही. समाजशास्त्राच्या तासाला आपण गावगाड्याविषयी वाचतो. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गाव-गाडा' १९१५ सालचा. पण पाच जणांच्या गटाला माती देऊन 'एक गाव उभे करा' असे सांगून पाहावे. देऊळ कोठे, पाणवठा कोठे, कोणाची घरे वेशीच्या आत आणि कोणाची बाहेर, हे ठरवताना पहिल्यांदाच हात अडखळतील. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्यायले, ते केवढे मोठे पाऊल होते, हे मातीतले ते अंतर बोटांनी मोजल्यावर अधिक नीट उमजेल. मात्र येथे एक पथ्य कडकपणे पाळले पाहिजे. कोणालाही 'तुझे घर कोठे ते दाखव' अशी सक्ती करू नये. ज्याच्या वाट्याला वेशीबाहेरचे दुःख आले, त्याने ते इतरांच्या शिक्षणासाठी मांडलेच पाहिजे, असा हक्क कोणाला नाही. आधी लिंबाचे मनोरे पाडून हसायला शिकावे. जड प्रश्न मातीत आणायचे ते त्यानंतर. विश्वासालाही मोठे दगड आधी घालावे लागतात.

म्हणून प्राचार्य व प्राध्यापकवर्गापुढे माझी सूचना नम्रपणे ठेवतो. महिन्यातून एक दुपार बांधकामाच्या खेळासाठी राखून ठेवावी. गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत, म्हणजे एका गावचे, एका वस्तीचे, एका बाकावरचे एकत्र येणार नाहीत आणि मुलगे-मुली वेगळे बसणार नाहीत. आधी प्रत्येकाने बांधावे, मग प्रत्येकाने बोलावे. टीका वस्तूवर व्हावी, माणसावर नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या दुपारला गुण नसावेत, प्रमाणपत्र नसावे, पहिला-दुसरा क्रमांक नसावा. ज्या दिवशी या खेळाला दहा गुण लागतील, त्या दिवशी बाजारातून तयार किल्ले येऊ लागतील, याची मला खात्री आहे.

मित्रहो, यात एकही चमत्कार नाही. महिन्याच्या एका दुपारने जाती मोडणार नाहीत की वर्गातले सारे रुसवेफुगवे संपणार नाहीत. पण पुढच्या वर्षी गट-प्रकल्पाची वही उघडली आणि त्यात पाच नावांखाली पाच वेगवेगळी हस्ताक्षरे दिसली, तर हा प्रयोग यशस्वी झाला असे मी समजेन. 'गाव करी ते राव न करी' ही म्हण आपण फार वेळा लिहून झालो आहोत. आता ती एकदा हातांनी करून पाहू या.